वाचकांचे प्रश्न : युरोपातली बारावी आणि आपली टीसी

बारावीच्या निकालानंतर परदेशी शिक्षणाबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ८२ टक्के आहेत आणि त्याला जर्मनीत इंजिनीअरिंग करायचंय. माझी भाची फ्रान्समध्ये ल्योंला शिकते. तिला तिकडच्या बारावीत २० पैकी १३ मिळाले, तर घरी पेढे वाटले! १३ म्हणजे ६५ टक्केच ना? मग ८२ टक्केवाल्याला तिकडे सहज प्रवेश मिळायला हवा. — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पेढे रास्तच होते. फ्रान्समधल्या ‘बाकालोरेआ’ परीक्षेत सरासरी १० आली की पास. १२ च्या पुढे प्रमाणपत्रावर शेरा मिळतो, १४ ला त्याहून वरचा आणि १६ ला ‘उत्तम’ असा. तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर सर्वसाधारण शाखेच्या प्रत्येकाला द्यावा लागतो, सायन्सच्या मुलांनाही. एकूण वजनापैकी ४० टक्के वर्षभराच्या गुणांना आणि ६० टक्के परीक्षांना असतं. सरासरी ८ ते १० च्या मध्ये अडकली, तर दोन विषयांची तोंडी परीक्षा देऊन पास होता येतं. तिथे शिक्षक १८-१९ क्वचितच देतात, त्यामुळे १३ ला पाचने गुणून ६५ टक्के काढण्याला अर्थ नाही.

खरा फरक गुणांत नाही, दारात आहे. आपल्याकडे बारावी पास झाल्यावर जेईई, नीट किंवा सीईटीचं दार वेगळं उघडावं लागतं. फ्रान्समध्ये बाकालोरेआ हीच कायद्याने विद्यापीठाची पहिली पदवी मानली जाते. जर्मनीत ‘आबिटूर’ ही शालान्त परीक्षा झाली की विद्यापीठात शिकण्याचा हक्क मिळतो. म्हणून परदेशी विद्यापीठ तुमची गुणपत्रिका हातात घेतं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न टक्क्यांचा नसतो. या कागदावर तुमच्या देशात कुठे प्रवेश मिळतो, हे ते आधी पाहतं.

तरी गुणांचं रूपांतर लागतंच. जर्मनीत १ हा सर्वांत चांगला आणि ४ हा काठावर पास. सूत्र असं : कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास यांतल्या फरकाने भागा, आलेल्या उत्तराला ३ ने गुणा आणि १ मिळवा. महाराष्ट्र बोर्डाचं पास ३५ धरलं, तर १८ भागिले ६५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे साधारण १.८. चूक बहुधा ‘किमान पास’च्या जागी होते. कॉलेजच्या सवयीने तिथे ४० लिहिलं, तर त्याच मुलाचे १.९ होतात. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांत ही दशांशाची तफावतही महाग पडते.

पण १.८ आले म्हणून दार उघडत नाही. नुसत्या बारावीवर साधारणपणे थेट प्रवेश मिळत नाही. तीन वाटा आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल, तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांत थेट अर्ज करता येतो. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचं पहिलं वर्ष यशस्वी केलं, तर त्या शाखेपुरतं दार उघडतं. तिसरी वाट ‘श्टुडिएनकोलेग’ची, म्हणजे दोन सेमिस्टरच्या पूर्वतयारी वर्गाची. इंजिनीअरिंगसाठी त्यातला ‘टी’ वर्ग घ्यायचा असतो. आत जाण्याआधी चाचणी होते आणि शेवटी पात्रता परीक्षा. बहुतेक ठिकाणी जर्मन भाषा आधीच चांगली यावी लागते, म्हणून क्लास निकालानंतर लावणं उशिराचं ठरतं.

प्रश्न : विद्यापीठाने ‘स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट’ मागितलं. आम्ही टीसीला अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकारी शिक्का) करून पाठवली, ती परत आली. — एक पालक, मानेवाडा

उत्तर : टीसी, म्हणजे शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यार्थी नावावरून कमी झाल्याचं सांगते. युरोपात या नावाखाली शालान्त परीक्षेचं प्रमाणपत्र मागतात. आयर्लंडमध्ये तर ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ हे बारावीच्या परीक्षेचंच नाव आहे. तुम्ही बोर्डाची बारावीची गुणपत्रिका आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र असे दोन्ही कागद द्या. दहावीचेही जवळ ठेवा, बारा वर्षांचं शिक्षण सलग झाल्याचं त्यांवरून दिसतं.

अपॉस्टिलसाठी आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हाच क्रम. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, कारण स्टिकर मागच्या बाजूला कागदावर लावतात. फ्रान्स-इटलीला अपॉस्टिल चालतं. जर्मनीने मात्र अपॉस्टिल करारातल्या भारताच्या सहभागाला आक्षेप नोंदवलेला आहे, म्हणून तिथल्यासाठी अपॉस्टिलवर पैसे घालवू नका. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागदपत्र-तपासणी विभागाचं, प्रमाणपत्र लागतं, कागदांची तपासणी तिथेच होते.

आणखी एक नेहमीची अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. युरोपातला कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि मुलाच्या आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जाऊन बसतं. प्रत्येक फॉर्म पासपोर्टच्या क्रमानेच भरा.

प्रश्न : मिहानमध्ये नोकरी मिळाल्याने आम्ही आइंडहोवनहून नागपूरला परततोय. मुलगी ‘हावो’च्या चौथ्या वर्षात आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. शाळा पूर्ण करून यावं की आत्ताच? — एक आई

उत्तर : इथे घाई करू नका, पण गणित आधी मांडा. नेदरलँड्समध्ये प्राथमिकनंतर तीन वाटा फुटतात : चार वर्षांची, पाच वर्षांची ‘हावो’ आणि सहा वर्षांची ‘व्हेव्हेओ’. प्राथमिकची आठ वर्षं असली, तरी पहिली दोन बालवाडीची. म्हणजे सहा अधिक पाच, हावोची अकराच वर्षं भरतात. व्हेव्हेओची बारा भरतात. शिवाय हावोवर तिथल्याही विद्यापीठात थेट प्रवेश नसतो. पूर्ण करून आलात, तर आपल्या बारावीशी समकक्षता मिळायला अडचण येण्याची दाट शक्यता आहे. ही समकक्षता ठरवणाऱ्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय निर्णय करू नका.

दुसरा मुद्दा विषयांचा. नीटसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. डच शाळेत चार विषयगट असतात. ‘निसर्ग आणि आरोग्य’ गटात रसायन आणि जीवशास्त्र सक्तीचे असतात, भौतिक स्वतः निवडावं लागतं. ‘निसर्ग आणि तंत्र’मध्ये उलट : गणित, भौतिक आणि रसायन सक्तीचे, जीवशास्त्र ऐच्छिक. नावात ‘आरोग्य’ आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचं भौतिक हुकतं. मुलीची विषययादी आजच तपासा.

फ्रान्समध्येही हाच सापळा आहे. शेवटच्या वर्षी दोनच विशेष विषय राहतात. भौतिक-रसायन तिथे मिळून एक विषय असतो. त्याच्या जोडीला जीव-भूशास्त्र ठेवलं तर नीटच्या दृष्टीने ठीक, गणित ठेवलं तर इंजिनीअरिंगच्या.

प्रश्न : गुणांचे आकडे कसे लक्षात ठेवायचे? — एक विद्यार्थी, वर्धा

उत्तर : दिशा आधी पाहायची. जर्मनी आणि ऑस्ट्रियात १ सर्वोत्तम, स्वित्झर्लंडमध्ये ६. भाषा जर्मनच, पण झुरिकचा साडेपाच म्हणजे कौतुक आणि बर्लिनचा ५ म्हणजे नापास. इटलीत १०० पैकी ६० ला पास : शाळेतल्या कामगिरीचे कमाल ४०, दोन लेखी पेपर आणि एक तोंडी प्रत्येकी २०. नेदरलँड्समध्ये १० पैकी साडेपाच काठावर, त्यात निम्मं वजन शाळेच्या परीक्षांचं आणि निम्मं केंद्रीय परीक्षेचं. पोलंडच्या ‘मातुरा’त सक्तीच्या पेपरांना ३० टक्के पुरतात, म्हणून पास होणं आणि हव्या शाखेत जागा मिळणं यांत तिथे बरंच अंतर आहे. इंग्लंडच्या ए-लेव्हलला बहुतेक जण तीनच विषय घेतात. तिथे विद्यापीठ आधी अटीवर जागा देऊ करतं आणि ऑगस्टच्या मध्यात निकाल लागला की ती पक्की होते.