‘पॉश’ हा शब्द खरंच मुंबईच्या बोटींवरून आला का?

तुमचा प्रश्न असा की ‘पॉश’चा नेमका अर्थ काय, आणि तो ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या आद्याक्षरांवरून आला हे खरं का. खरं नाही. पण आपल्या मुंबईत ही गोष्ट इतक्या ठामपणे सांगतात की आधी ती नीट तपासायला हवी.

म्हणे साहेब लोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला येत. तांबड्या समुद्रात बोट दक्षिणेकडे चाललेली असताना डावी बाजू, म्हणजे पोर्ट, पूर्वेला पडते. दुपारचं भाजणारं ऊन उजवीकडच्या केबिनींवर. एडनहून मुंबईकडे वळलं की डावी बाजू साधारण उत्तरेला, म्हणजे पुन्हा सावली. परतताना सगळं उलट, म्हणून स्टारबोर्ड, म्हणजे उजवी बाजू, बरी. पैसेवाले दोन्ही वेळा सावलीची केबिन घेत आणि त्यांच्या तिकिटावर ही चार अक्षरं असत.

दिशांचा हिशेब बरोबर आहे, म्हणूनच ही गोष्ट चटकन पटते. शिवाय बोट लागणार आपल्या बॅलार्ड पिअरला, मग काय विचारता!

पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. पी अँड ओच्या जुन्या दफ्तरातही तशी पद्धत असल्याचा पुरावा नाही. ‘झकपक, उंची’ या अर्थाने हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापील मजकुरात दिसू लागतो. 1918 साली ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात वैमानिक तो वापरतो. बोटीची गोष्ट मात्र छापून आली ती 1930च्या दशकात. शब्द आधी, गोष्ट नंतर. त्यातून आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल विसाव्या शतकाआधी इंग्रजीत फारशी नव्हतीच.

मग आला कुठून? शब्दकोश छातीठोकपणे सांगत नाहीत, पण मला सर्वांत पटते ती रोमानी भाषेची वाट. रोमानीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. त्यावरून लंडनच्या चोरबाजारी बोलीत अर्धी पेनी, मग एकूणच पैसा, हे अर्थ आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच बोलीत छानछोकी माणसालाही ‘पॉश’ म्हणू लागले होते. आणि रोमानी ही युरोपातल्या जिप्सींची भाषा मुळात उत्तर भारतातून गेलेली. तिच्यात पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान! भारताशी नातं शोधायचंच असेल तर ते बोटीच्या तिकिटापेक्षा इथे किती तरी जुनं आणि खरं आहे. शाळेत हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

ऑफिसात ‘पॉश’चं ट्रेनिंग असतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याचं ते बोलीतलं नाव. ते मात्र खरोखर आद्याक्षरांचं.

आता अर्थ. आपल्याकडे पॉश असतो तो एरिया, फ्लॅट, हॉटेल: मलबार हिल पॉश, पेडर रोड पॉश. इंग्लंडमध्येही पॉश हॉटेल म्हणतात, पण तिथे हा शब्द माणसाला आणि त्याच्या बोलण्यालाही लागतो. उच्चकुलीन, महागड्या खासगी शाळेत शिकलेला, उच्चारांवरूनच वर्ग कळणारा असा तो माणूस. खिशात पैसा आला म्हणून कुणी तिथे पॉश ठरत नाही. शिवाय त्यात बऱ्याचदा हलका टोमणा असतो. तेव्हा तिकडच्या सहकाऱ्याला कौतुकाने ‘तू फार पॉश बोलतोस’ म्हणू नका, त्याला ते लागू शकतं.