पीएचडीसाठी गाईड निवडताना एच-इंडेक्स किती बघावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सी बायोकेमिस्ट्री झाली आहे आणि पीएचडीला घ्यायला दोन गाईड तयार आहेत. सरांचे 180 पेपर, एच-इंडेक्स 38, पहिला पेपर 28 वर्षांपूर्वीचा. मॅडमचे 24 पेपर, एच-इंडेक्स 12, पहिला पेपर 8 वर्षांपूर्वीचा. सरांकडेच जावं ना?

मी एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात 19 वर्षं काम करते. बढतीच्या फायली निघाल्या की "मॅडम, तेवढी सायटेशन काढून द्या ना, आजच हवीत" म्हणत डॉक्टर मंडळी माझ्या टेबलाशी येतात. सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्या पेपरचा दिलेला संदर्भ. हे आकडे कसे निघतात ते रोज बघत असल्यामुळे सांगते, नुसत्या 38 आणि 12 वर मी तरी काहीच ठरवणार नाही.

आधी एच-इंडेक्सचं गणित. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा आकडे आले 90, 40, 12, 6, 5, 3. पाचव्या पेपरला 5 सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र 3 च. म्हणजे निदान 5 सायटेशन असलेले पेपर 5, म्हणून एच-इंडेक्स 5. आता पहिल्या पेपरची 90 ची 9,000 सायटेशन झाली तरी तो 5 च राहतो. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हे माप काढलं. त्यात एक गंमत आहे. हा आकडा वाढतो, पण कमी कधीच होत नाही. माणूस निवृत्त होऊन नातवंडं खेळवत बसला तरी तो वाढतच राहतो. म्हणून हिर्शनेच सुचवलं होतं की पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी त्याला भागा. तुमच्या सरांचं येतं 1.36, मॅडमचं 1.5. झालं की नाही जवळजवळ सारखं? अर्थात या भागाकारावरही फार विसंबू नका. तुमच्या डोळ्यांसमोरून तो 38 बाजूला व्हावा एवढ्यासाठीच केला.

आता खरं काम. दोघांचेही सर्वांत जास्त सायटेशनचे दहा-दहा पेपर उघडा आणि त्यात यांचं नाव कितवं आहे ते बघा. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं असतं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. मधली नावं म्हणजे कोणी नमुने दिले, कोणी आकडेमोड केली, कोणी (हेही होतं) विभागप्रमुख म्हणून बसला. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये येणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या (जगभरातल्या रोगांचा भार मोजणाऱ्या प्रकल्पाच्या) पेपरांना शेकड्यांनी लेखक असतात आणि सायटेशन हजारांनी मिळतात. त्यात ज्याचं नाव असतं त्याच्या खात्यात ती सगळीच्या सगळी जमा होतात. अशा चार पेपरांवर एखाद्याचा एकूण आकडा दिपवणारा दिसतो. यात लबाडी काही नाही, त्या कामाला माहिती पुरवणं हेही कष्टाचं आहे. पण त्यावरून तुम्हाला प्रयोगशाळेत काय शिकायला मिळेल हे कळत नाही.

रिव्ह्यू पेपर, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा घेणारे, वेगळे काढा. पार्श्वभूमीला एक संदर्भ टाकायचा तर जो तो रिव्ह्यूच टाकतो, त्यामुळे त्यांची सायटेशन भराभर वाढतात. पद्धतींचे पेपरही तसेच. प्रथिनं मोजायची लोरी मेथड तुम्ही प्रॅक्टिकलला केली असेलच, फोलिन घालून निळा रंग यायची वाट बघत. तो 1951 चा पेपर. 3 लाखांहून जास्त सायटेशन घेऊन तो जगातल्या सर्वाधिक सायटेशनच्या पेपरांत मोडतो. स्वतः लोरींना मात्र तो आपला फार थोर पेपर वाटत नव्हता. उपयोगी असणं आणि मोठा शोध असणं यात फरक आहे, आणि सायटेशन मोजतं ते बरंचसं पहिलं.

उलट बाजू बघायची तर कॉलऱ्याची गोष्ट ऐका. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून जरा लांबेल.

रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला आणि तो काहीतरी विष सोडत असावा असा अंदाजही केला. पण ते विष पुढची पाऊणशे वर्षं कोणाला दाखवता आलं नाही. लोक ते रक्तात शोधत राहिले. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेलं द्रावण सोडलं. जंतू एकही नाही, तरी आतड्यात पाणी साठलं. म्हणजे विष आहे, ते जंतूपासून वेगळं करता येतं, आणि त्याचं काम चालतं ते आतड्यातच. हा पेपर 1959 मध्ये नेचरमध्ये आला. त्याच वर्षी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर वेगळ्या वाटेने जवळजवळ हेच दाखवलं आणि ते अमेरिकेतल्या जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजीत छापून आलं. डे यांच्या कामाचा बोलबाला निदान आज होतो. हाफकिनच्या त्या तिघांची नावं परळच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असतील, मला शंका आहे.

सुरुवातीला डे यांच्या पेपरचीही कोणी फारशी दखल घेतली नाही. शुद्ध स्वरूपात ते विष हाती आलं 1969 मध्ये, अमेरिकेत. मग संदर्भ वाढत गेले. 1978 मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणं आलं, तोवर ते निवृत्त झालेले होते. 1985 मध्ये ते गेले. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर लांबलचक लेख लिहिला तो यूजीन गारफील्ड यांनी. सायटेशन मोजण्याचा हा सगळा उद्योग ज्यांनी उभा केला, सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) रूढ केला, तेच हे गारफील्ड. कॉलऱ्याच्या संशोधनात कोण कोणाचा संदर्भ देतं याचा नकाशाच मांडून त्यांनी डे यांची जागा दाखवली. म्हणजे सायटेशननेच डे यांना न्याय दिला म्हणा हवं तर. पण समजा 1963 साली कोणी एमएस्सी झालेला मुलगा डे यांची सायटेशन मोजून गाईड निवडायला बसला असता, तर?

याच्या अगदी उलट आपलं बॉम्बे ब्लड ग्रुप. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये लॅन्सेटमध्ये हा रक्तगट मांडला. या लोकांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. आज कुठल्याही ब्लड बँकेतला तंत्रज्ञ "बॉम्बे आहे" एवढंच म्हणतो, भेंड्यांचा संदर्भ देत नाही. शोध इतका मुरला की सायटेशनच उरलं नाही.

शिव्या खाल्ल्या तरी सायटेशन मिळतं, हेही ध्यानात ठेवा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा लॅन्सेटमधला पेपर अवघ्या 12 मुलांवरचा होता. तो 2010 मध्ये मागे घेतला गेला, पण त्याच्या नावावर हजारो सायटेशन आहेत, त्यातली कितीतरी त्याला खोडून काढणाऱ्यांची. मोजणाऱ्या यंत्राला राग-लोभ कळत नाही. तेव्हा दोघांचेही पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, यादीत एकदा शोधून बघा, ती फुकट आहे. एखादा पेपर सापडला म्हणून लगेच पाठ फिरवू नका, स्वतःची चूक स्वतः कबूल करून पेपर मागे घेणारेही असतात. कारण काय लिहिलंय ते वाचा.

आणि मुळात ते 180 पेपर सरांचेच आहेत ना? हसू नका. आमच्याकडे एका डॉक्टरांच्या फायलीत 63 पेपर निघाले होते. मी एकेक उघडत गेले तर त्यातले निम्म्याहून जास्त सोयाबीनच्या पानांवरच्या रोगाचे! त्याच आडनावाचा, त्याच आद्याक्षराचा कोणी कृषी शास्त्रज्ञ होता. कुलकर्णी एस, जोशी ए, पाटील व्ही असं शोधलं की निम्मा महाराष्ट्र समोर येतो. गुगल स्कॉलर तर विचारतं, "हा पेपर तुमचाच का?" आणि माणूस घाईत सगळ्यालाच हो म्हणून मोकळा होतो. बायकांचं याच्या उलट होतं. लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचे पेपर दुसऱ्या नावाखाली राहून जातात. मॅडमचे 24 खरोखर 24 च आहेत का, तेही बघा. दोघांचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर तिथली यादी जास्त भरवशाची. स्कोपसमध्ये (पेपर आणि सायटेशनची नोंद ठेवणारा डेटाबेस) स्वतःचीच सायटेशन वगळून आकडा बघायची सोय आहे, तुमच्या ग्रंथपालांना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) सगळं धरतं, त्यामुळे त्याचा आकडा नेहमी फुगलेला दिसतो. एकाचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेऊन तुलना करू नका. तुम्ही कुठून घेतलेत ते लिहिलेलं नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल एवढंच, की तो जर्नलचा असतो, माणसाचा नाही. कर्करोगावरच्या एका जर्नलचा तो दोनशेच्या वर गेला आहे, कारण दरवर्षी तिथे अमेरिकेतल्या कर्करोगाची आकडेवारी छापली जाते आणि जो तो तिचा संदर्भ देतो. शेजारी छापलेल्या लेखाचा त्यात काय संबंध?

तुमच्या कामाची गोष्ट एच-इंडेक्समध्ये नाहीच. दोघांचे गेल्या सहा-सात वर्षांतले पेपर घ्या, ज्यात त्यांचं नाव शेवटी आहे असे. पहिल्या नावावर कोण आहे? विद्यार्थी आहेत का? एकाच विद्यार्थ्याचं नाव दोन-तीन पेपरांवर पहिलं दिसतं, की दरवेळी नवीन नाव आणि मग ते नाव कायमचं गायब? शोधगंगेवर (भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. प्रबंध कधी सादर झाला आणि त्यातला पहिला पेपर कधी आला, या दोन तारखा शेजारी लिहा. प्रबंध होऊन चार वर्षं झाली तरी पेपर नाही असं तीन-चार जणांचं दिसलं, तर 180 चा आकडा तुमच्यासाठी नाही, असं समजा.

मग त्यातल्या दोघा-तिघांना ईमेल करा. "सर कसे आहेत?" असं विचारू नका, "छान आहेत" एवढंच उत्तर येईल. विचारा की पेपरचा पहिला मसुदा सरांच्या टेबलावर किती महिने पडून होता.