पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) शिडाची बोट करतो म्हणतोस ना, मग हे पाय

भाऊ, पहिल्याच बोटीचं डिझाइन स्वतः करायच्या भानगडीत नको पडू, इंटरनॅशनल वन मीटर क्लासचे (आरसी शिडाच्या बोटींचा एक ठरलेला प्रकार) नियम समोर ठेव, हल म्हणजे बोटीचं अंग जास्तीत जास्त १००० मिमी लांब, वजन कमीत कमी ४ किलो अन् त्यातलं निम्म्याहून जास्त खाली फिन-बल्बमध्येच (बुडाखालची उभी पट्टी अन् तिच्या टोकाचं वजन) जाते, म्हणून तर उभी राहते बाप्पा. अंबाझरी तलावावर न्यायच्या आधी घरच्या टाक्यात सोडून पाय, बॅटरी, सर्वो (सुकाणू-शिडं हलवणारी छोटी मोटर) सगळं बसवून, नाक खाली गेलं तर बॅटरी मागं सरकव. मग हलक्या वाऱ्यात, वारा पुढून तिरपा घेऊन चालव अन् रडर म्हणजे सुकाणू मधात ठेव, बोट आपोआप जोरात वाऱ्याकडे वळत असन तर मास्ट (डोलकाठी) थोडा पुढं घे, वाऱ्यापासून दूर वळली तर मागं. एकावेळी एकच बदल! मी तीन एकदम केले होते, कशानं सुधारली आजवर कळलं नाही. अन् बोटीतला अँटेना पाण्याच्या वर ठेव, रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही.