पित्ताची पिशवी आणि गर्भपिशवी, दोन्ही दुर्बिणीतून एकाच वेळी काढाव्यात का?

तुम्ही लिहिलंय, आई ४७ वर्षांची, पित्ताशयात खडे आणि गर्भाशयात गाठी. दोन्ही ऑपरेशनं एकदम करावीत का वेगवेगळी, आणि ती किती दिवसांत घरकामाला लागेल? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दोन्ही खरंच गरजेची असतील आणि तब्येत झेपणारी असेल तर एकदम. मी २०१९ मध्ये केलंय, इथंच कोल्हापुरात. दुसऱ्या प्रश्नाचा मला राग आलाय, त्याचं शेवटी बघू.

आधी आमच्या थोरल्या जाऊबाईंचं ऐका. त्यांचंही नेमकं हेच दुखणं. आधी पित्ताशय काढलं, मग चौदा महिन्यांनी गर्भपिशवी. दोनदा उपाशी राहणं, दोनदा भूल, दोनदा खोलीभाडं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या चुलीपुढं मी. भाकऱ्या मी थापल्या, पथ्याची पेज मी केली, औषधांच्या वेळा मी सांभाळल्या. थोरले भाऊजी दवाखान्यात मोसंबी घेऊन जायचे. पुढं एकदा त्यांची फाईल चाळली तर पहिल्याच सोनोग्राफीत दोन्ही लिहिलेलं! वर खडे, खाली गाठी. वाटणी झाल्यागत सर्जननं आपला वाटा बघितला, बायकांच्या डॉक्टरांचा वाटा त्यांच्यासाठी ठेवला. घरातल्या कुणी खालची ओळ वाचलीच नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी ती ओळ वाचली. आखाडात मटण झालं की रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची की भिंत धरून बसायचे. शिवाय महिन्याचे बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. सर्जनना विचारलं, "खालचंही त्याच भुलीत होतं का?" ते हसले नाहीत. तिथूनच गायनॅकच्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, आधी रक्त वाढवा. हिमोग्लोबिन आठ होतं. सलाईनमधून लोह घेतलं, सहा आठवडे थांबले, अकराच्या वर गेल्यावर तारीख मिळाली. दोन डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ एका सकाळी एकत्र आणणं हेच खरं अवघड काम. मालक शिरोलीला फौंड्रीत, त्यांना रजा एकदाच मिळणार होती. आणि खरं सांगू? दुसऱ्यांदा माझ्यासाठी कोण उभं राहिलं असतं?

भाऊजी ऐकून म्हणाले, "माणूस बाजारला दोन पिशव्या घेऊन जातंय, ही दोन पिशव्या देऊन येणार." अजून प्रत्येक बारशाला हा विनोद होतो. वर "एका दमात एवढं शरीराला झेपत नसतंय, ही सगळी नवी फॅडं" हेही ठरलेलं. नवी कसली? मुंबईच्या जे. जे. मध्ये १९९० सालीच दुर्बिणीतून पित्ताशय काढलंय.

आत काय करतात ते मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. आधी टेबल डोक्याकडून वर, म्हणजे आतडी खाली सरकतात आणि पित्ताशय मोकळं होतं. ते झालं की टेबल उलटं, डोकं खाली, आतडी वर, ओटीपोट मोकळं. बेंबीतलं छिद्र दोघांना एकच. माझ्या पोटावर सहा बारक्या खुणा आहेत, गर्भपिशवी खालच्या वाटेनं काढली. सगळं मिळून तीन तास. भूल लांबते हे खरं, पण ती एकच असते.

दुसऱ्या दिवशी उजवा खांदा असा दुखायला लागला की मीही घाबरले. भाऊजींनी तेवढ्यात हार्ट अटॅक ठरवून तिघांना फोन केले. सिस्टर आल्या, तपासलं, म्हणाल्या, गॅस आहे. पोटात उरलेल्या गॅसनं पोट आणि छातीमधला पडदा चाळवतो, आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांच्याच मुळातून येते, म्हणून दुखतं खांद्यात. दोन दिवसांत गेलं. भाऊजींनी त्या तिघांना परत फोन केले नाहीत.

आता जिथं माझं ऐकू नका ते. पित्ताशयाला सूज किंवा पू असेल, खडा पित्तनळीत उतरून कावीळ झाली असेल, तर आधी ते निस्तरू द्या. हृदय-फुप्फुसं कमजोर असतील तर भूलतज्ज्ञ म्हणतील ते अंतिम. शेजारच्या काकूंना पित्ताशयाबरोबर बेंबीचा हर्निया करायचा होता, पण पित्तात संसर्ग निघाला. हर्नियाला आतून बसवतात त्या जाळीला लागण नको म्हणून हर्निया पुढं ढकलला, आणि ते बरोबरच होतं. खडे नुसते पडून असतील, कधी दुखलंच नसेल, तर बहुतेकांना त्यांचं ऑपरेशन लागतच नाही. आणि "आत शिरतोयच तर गर्भपिशवीही काढू" असं कुणी म्हणालं तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडं जा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्याचं २०१९ ला सगळ्या महाराष्ट्रानं वाचलंय. गाठी पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात, औषधांनी भागतंय का ते आधी विचारा. भाऊजी तेवढं म्हणाले होते, "पिशवीची घाई कशाला." तेवढ्यापुरतं बरोबर होतं त्यांचं.

विमा असेल तर दोन्ही ऑपरेशनांची नावं घालून आधी मंजुरी घ्या. आयुष्मान भारतच्या नियमात एकाच वेळच्या दुसऱ्या ऑपरेशनला निम्मेच पैसे धरतात. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते लेखी मागा.

आणि आई कामाला कधी लागेल? नुसत्या पित्ताशयाला आठवडा-दोन आठवडे, गर्भपिशवीला सहा आठवडे. एकदम केलं तर त्यांची बेरीज होत नाही, सहाच धरायचे. तोवर भरलेली बादली, कळशी, गॅसची टाकी काही उचलायचं नाही. ते तुम्ही उचला, भाकरीही शिका.