कारवानच्या पिल्लाची नसबंदी: घाई करू नका

भाऊ, सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं धावणाऱ्या कुत्र्याचं सगळं काम पायांवर. म्हणून सहाव्या महिन्यात ऑपरेशन उरकू नका. कारवान या उंच, सडपातळ जातीच्या कुत्र्याची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्याआधी नसबंदी झाली तर हाडं जास्त लांबतात, पुढं सांधे कुरकुरू शकतात. नराला दीड वर्षाचा होऊ द्या.

मादीचं गणित वेगळं. पहिला माज बहुधा सहा महिने ते दीड वर्षात येतो आणि साधारण तीन आठवडे चालतो. तेवढे दिवस तिला कळपामागं मोकळी सोडूच नका, गावातले नर माग काढत येतात. माजावर असताना ऑपरेशन टाळा, रक्तस्राव जास्त होतो. दोन-तीन महिने जाऊ द्या, मग करा. पण वर्षानुवर्षं लांबवूही नका. वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो आणि ते जिवावर बेततं.

नवीन माणसं हमखास इथं चुकतात:
- दोन दिवसांत कुत्रं उड्या मारतं म्हणून माळावर सोडतात. टाके उसवतात. दहा ते चौदा दिवस बांधूनच ठेवा.
- भाकरी पूर्वीइतकीच घालतात. वजन चढतं.

नसबंदीनं राखण सुटते ही भीती मनातून काढा. आणि सोलापूरचा एप्रिल-मे सोडून थंडीतली तारीख धरा.