ऑफिसजवळचं छोटं घर की लांबचं मोठं?

प्रश्न : नवीन नोकरी लागलीये, पण ज्या शहरात आहे तिथे मी आजपर्यंत पाऊल ठेवलेलं नाही. जॉईन व्हायला महिना आहे. ऑनलाईन शोधताना ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर एक छोटा वन रूमचा फ्लॅट सापडलाय आणि तेवढ्याच भाड्यात तासाभराच्या अंतरावर दोन बेडरूमचा, हवेशीर, फोटोत तरी मस्त दिसतोय. घरचे म्हणतात मोठं घे, प्रवासाची काय सवय होते. काय करू?

उत्तर : गंमत अशी आहे की सवय घराची होते, प्रवासाची होत नाही. जास्तीची खोली दोन-तीन महिन्यांत तुम्हाला दिसेनाशी होते, तिथे कपडे वाळत पडतात नाहीतर न उघडलेले खोके, पण प्रवास रोज वेगळा त्रास देतो, आज गाडी चुकली, उद्या सिग्नल बंद, परवा पाऊस, मग सवय कशाची होणार? ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांनी सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिलेल्या उत्तरांवरून हेच तपासलं, त्यांचा पेपर 2008 चा आहे. अर्थशास्त्राच्या हिशोबाने लांब राहणाऱ्याला स्वस्त किंवा मोठं घर मिळतं म्हणजे फिट्टंफाट व्हायला हवी होती, पण झाली नाही, प्रवास जितका लांब तितकं लोकांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी निघालं. आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना कालचा दिवस तुकड्यातुकड्याने आठवायला लावला, तेव्हा सकाळी कामाला जाण्याचा प्रवास हा सगळ्यात नावडत्या तुकड्यांपैकी निघाला. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या घरासाठी छोटं आणि जवळचं.

"पहिल्या घरासाठी" हे मुद्दाम म्हणतेय. हे घर काही जन्माचं नाही. नवीन शहरात पहिले सहा-आठ महिने तुम्हाला सगळ्यात जास्त कमी पडणार आहे तो वेळ, कारण नवीन काम शिकायचंय, बँकेची आणि कागदपत्रांची कामं आहेत, माणसं ओळखीची करायचीत, आणि ते सगळं संध्याकाळीच होणार. ऑफिसहून घरी यायलाच तास लागला की जेवून झोपायचं एवढंच उरतं आणि शहर बघायचं राहूनच जातं. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की माणसं कुठल्याही काळात, कुठल्याही साधनाने, दिवसाला जाऊन-येऊन सरासरी साधारण तासभरच प्रवास करतात. तुमचा एका बाजूचाच तास आहे, म्हणजे दुप्पट.

आता हा "तास" तरी खरा आहे का ते बघा. जाहिरातीतला तास बहुतेक वेळा रविवारी सकाळचा असतो. मॅपवर निघायची वेळ टाकून बघता येतं, तर कामाच्या दिवसाची सकाळची वेळ टाका आणि मग उलटा रस्ता संध्याकाळच्या वेळेचा टाका, कारण जाताना आणि येताना एकच आकडा क्वचितच येतो. मॅप जी रेंज दाखवतो, म्हणजे चाळीस ते ऐंशी मिनिटं वगैरे, त्यातला मोठा आकडा धरायचा, कारण बॉसला सरासरी सांगता येत नाही. आणि मोजायचं ते घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत, लिफ्ट, स्टॉपपर्यंतचं चालणं, वाट बघणं सगळं धरून. वाहतुकीचं प्लॅनिंग करणारेसुद्धा वाट बघण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या एका मिनिटापेक्षा जड धरतात, साधारण दीडपट ते दुप्पट. म्हणून न बदलता, बसायला जागा मिळणारी पन्नास मिनिटं परवडली, पण दोनदा गाडी बदलायची चाळीस नकोत. तुमचा लांबचा फ्लॅट असा एकाच गाडीच्या सरळ लाईनवर असेल तर मी माझं मत थोडं सैल करेन, थोडंच.

अजून एक, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यायचंय हे एचआरकडून मेलवर घ्या. तोंडी "हो हो, दोनच दिवस" असं सांगून सहा महिन्यांनी पाचही दिवस बोलावलं अशी माणसं भरपूर भेटतात मला, आणि तोपर्यंत त्यांनी लांबच्या घराचा मोठा करार केलेला असतो.

बरं, जवळचं म्हणजे न बघता घ्या असं नाही. जमलं तर पहिले काही आठवडे पीजी, गेस्ट हाऊस, कंपनीची तात्पुरती सोय, काहीही चालेल, तिथून ऑफिसच्या आसपासचे दोन-तीन भाग पायी फिरा. कामावरून सुटल्यावर फिरा, कारण तिथे राहायला लागलात की तो भाग तुम्हाला त्याच वेळेला दिसणार आहे. रात्री दहाला परत एक चक्कर मारा. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, एकट्या बायका चालताना दिसतात का हे डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. घरात शिरल्यावर खिडक्या उघडून गप्प उभं राहा थोडा वेळ (एजंट मधेच बोलायला लागेल, लागू दे). जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशीत रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा आवाज सरासरी 45 डेसिबलच्या आत असावा असं आहे आणि डेसिबलचं गणित असं की दहाने वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे त्याच बिल्डिंगमधला मागच्या बाजूचा फ्लॅट म्हणजे वेगळंच घर. पाणी किती वेळ येतं आणि पावसात खाली तुंबतं का हे एजंटला नाही, वॉचमनला किंवा खालच्या दुकानदाराला विचारा.

प्रश्न : नवऱ्याची बदली होतेय, मी सध्याची नोकरी सोडून सोबत जातेय, मुलगा सहा वर्षांचा आहे. त्यांच्या ऑफिसातले सगळे एकाच भागाचं नाव सुचवतात. तिथेच घ्यावं का?

उत्तर : सगळे स्वतः राहतात तोच भाग सुचवतात, त्यात वाईट हेतू नसतो पण माहितीही फारशी नसते. त्यांना "कसं आहे?" विचारू नका, "आज परत घर शोधायचं असतं तर इथेच घेतलं असतं का, आणि वैताग कशाचा येतो?" असं विचारा. त्यातही जे गेल्या वर्ष-दोन वर्षांत बाहेरून आलेत त्यांचं जास्त ऐका.

पण तुमच्या बाबतीत मी ऑफिस मध्यभागी ठेवणारच नाही. नवरा दिवसभर ऑफिसात असणार, त्या भागात खरं राहणार आहात तुम्ही आणि मुलगा. आधी शाळा नक्की करा, कारण बऱ्याच शहरांत प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो आणि करार झाल्यावर ते कळून उपयोग नाही. मग शाळेपासून चालत जाता येईल अशा अंतरात घर, आणि पुढे तुम्ही नोकरी शोधाल तेव्हा जिथे जावं लागेल त्या बाजूला जाणारी गाडी जवळ. आणि माणसं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी 1950 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवर केलेलं काम छापलं, त्यात मैत्री सगळ्यात जास्त शेजारच्या दाराशी झालेली दिसली आणि जिन्याजवळच्या, येता-जाता लोक भेटणाऱ्या घरांच्या ओळखी वरच्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या. म्हणून मुलांना खेळायला मोकळी जागा, बाहेर बसायला बाक असलेली साधी बिल्डिंग मी एकाकी टॉवरपेक्षा वर ठेवेन. नवऱ्याला वीस मिनिटं जास्त लागली तर लागू देत.

प्रश्न : मालक परदेशात आहे म्हणतो, फोटो पाठवलेत, घर अडवून ठेवायला आधी डिपॉझिट मागतोय. देऊ का?

उत्तर : नाही. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीतही सापडू शकतात. तिथे ओळखीचं कोणी असेल त्याला प्रत्यक्ष पाठवा, मालकीचा कागद बघा, करारात लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती आणि नोटीस किती महिन्यांची ते वाचा, मगच पैसे. आणि घाई करतोय म्हणून घर हातचं जात असेल तर जाऊ दे.