चापाला बोट नव्हतं, तरी बार झाला
वाचकांचे प्रश्न, माजी आर्मररची उत्तरं

मागच्या अंकात पावसाळ्यानंतर बंदूक कशी पुसावी यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत साफसफाईबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही. विचारलंय ते अवचित सुटलेल्या बाराबद्दल. मी सैन्यात चोवीस वर्षं ईएमईत (सैन्याची शस्त्रं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात) आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, होतो, आता साताऱ्यातल्या एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात आठवड्यातून दोन दिवस बसतो. हाताखालून जे गेलंय तेवढंच सांगतो.

पाटण तालुक्यातून एक शेतकरी लिहितात: वडिलांच्या वेळची 315 रायफल आहे, पीक राखणीचा परवाना आता माझ्या नावावर आहे. शाळूत डुकरं शिरली म्हणून रात्री उठलो. अंगणात येऊन सेफ्टी काढली आणि बार झाला. गोळी गोठ्याच्या पत्र्यातून गेली. आईची शपथ घेऊन सांगतो, चापाला बोट नव्हतं. पण घरात कोणी विश्वास ठेवत नाही. तूच दाबला असशील म्हणतात. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, दादा. माझा तुमच्यावर विश्वास आहे, कारण तुमची रायफल आतून कशी असते ते मला माहीत आहे. हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा.

इशापूरच्या कारखान्यातली 315 ही जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या बांधणीची. काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. त्याच्या मागच्या टोकाला जो पोलादी ठोकळा दिसतो, तो तिचा घोडा. बोल्ट पुढे ढकलून बंद केला की घोडा मागेच अडकून राहतो आणि त्याच्या पुढची स्प्रिंग ताणलेली राहते. त्याला अडवून धरतो तो सिअर नावाचा छोटा तुकडा. सिअरचं नाक आणि घोड्याची खाच यांची एकमेकांवरची पकड शाळूच्या दाण्याच्या निम्मी असेल-नसेल. तुमचा चाप एवढंच करतो, ते नाक खाली ओढतो.

आता सेफ्टी बघा. डाव्या बाजूचा खटका मागे ओढला की तो घोड्याला किंचित मागे खेचतो आणि त्याचा भार स्वतःवर घेतो. सिअर मोकळा होतो. पण चाप काही बांधला जात नाही. सेफ्टी लावून रायफल खांद्याला अडकवली, दारातून निघताना चापात सदऱ्याचं टोक अडकलं किंवा उसाचं पाचट गुंतलं, की सिअर खाली जातो. रायफल धड असेल तर त्याची स्प्रिंग त्याला लगेच वर आणून जागेवर बसवते. तुमचा सिअर खालीच राहिला असणार. मग घोडा फक्त सेफ्टीच्या आधारावर उभा होता. तुम्ही तो आधार काढलात आणि घोडा सुटला. चापाला बोट खरंच नव्हतं.

सिअर खाली का राहतो? मी पाहिलेल्या बहुतेक रायफलींत दोष तेलाचा होता. गेल्या वर्षी जावळीकडची एक 315 दुकानात आली. दस्त्याच्या लाकडाला लावायचं जवसाचं तेल मालकांनी चांगल्या मनानं आतही सोडलं होतं, वर्षानुवर्षं. जवसाचं तेल वाळतं आणि राळेसारखं धरतं. खालची पट्टी उतरवली तर सिअरच्या पिनीभोवती काकवीच्या रंगाचा चिकट थर. आगपेटीच्या काडीनं सिअर दाबला, काडी काढली. तो वर यायला लागला तो इतक्या सावकाश, की मी तीनपर्यंत मोजलं. तो झटक्यात वर यायला हवा. रॉकेलमध्ये धुऊन, कोरडा करून, बंदुकीच्या पातळ तेलाचा एक थेंब दिला आणि तो नीट चालायला लागला. नवा भाग एकही लागला नाही.

दुसरं कारण स्प्रिंग. ली-एनफिल्डमध्ये सिअरला वर ठेवणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकलेली पट्टीच मॅगझिनची (काडतुसांच्या पेटीची) कळही धरून ठेवते. तुमचं मॅगझिन अलीकडे ढिलं बसत असेल, हलक्या धक्क्यानं निखळत असेल, तर ते नुसतं मॅगझिनचं दुखणं समजू नका. तीच स्प्रिंग मेली असेल तर सिअरही भरवशाचा राहिलेला नाही.

तिसरं कारण आपल्या कोयना खोऱ्याचं आहे. या बांधणीत चाप त्याच्याभोवतीच्या लोखंडी कडीवर बसवलेला असतो आणि सिअर वरच्या लोखंडावर. दोघांच्या मध्ये लाकूड. चार महिने पावसात ते लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. कोणीतरी मे महिन्यात ढिला झालेला स्क्रू आवळतो. कडी वर चढते, तिच्याबरोबर चाप वर चढतो आणि सिअरला कायमचा थोडा दाबून ठेवतो. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत दबतो, आधी हलका, मग जड. तुमच्या रायफलीतला तो पहिला हलका टप्पा नाहीसा झालेला वाटला तर समजा, पकड कमी झाली आहे.

घरी एवढं तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, नळीचं मागचं तोंड डोळ्यांनी बघा आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा. नळी भिंतीच्या बाजूला नको, मोकळ्या मातीकडे हवी. आता बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप जोरात दाबा, सोडा, बोट पूर्ण बाहेर घ्या. मग सेफ्टी काढा. ‘टक्’ असा आवाज आला तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत भरायची नाही. दहा वेळा करा, आणि एकदा पहाटेच्या गारठ्यात करा, कारण थंडीत तेल घट्ट होतं आणि दुपारी लपलेला दोष तेव्हा दिसतो. शिवाय बोल्ट जोरात बंद करून बघा, आणि वीतभर उंचीवरून दस्ता घडी घातलेल्या पोत्यावर आपटून बघा. यातल्या कशानंही घोडा सुटता कामा नये.

पुढचं काम स्वतः करू नका, लेथवाल्याकडेही नेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि त्यामागे कारण आहे. सिअरचं पोलाद बऱ्याचदा फक्त वरच्या पातळ थरापुरतं कडक केलेलं असतं. कानस फिरली की तो थर जातो. आतलं मऊ लोखंड काही दिवस छान हलका चाप देतं आणि मग झिजून एके दिवशी पकड सोडतं. भिंगाखाली असे तुकडे मी पाहिलेत. नाकावर कानशीच्या आडव्या रेघा स्पष्ट दिसतात.

आणि विश्वासाबद्दल. माझ्या नोकरीत एका जवानावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याची रायफल आमच्याकडे तपासायला आली होती. तोही हेच म्हणत होता, दाबला नव्हता. वरच्यांचं मत आधीच झालेलं होतं. मी ती रायफल साठ-सत्तर वेळा तपासली, काही झालं नाही. पुढच्या एका वेळी सिअर वर आला नाही. स्प्रिंगला केसाएवढी भेग होती. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. दोष दर वेळी दिसत नाही, म्हणून माणूस खोटा ठरतो.

हा दोष फक्त जुन्या बंदुकांचा, असंही नाही. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीनं 2014 च्या एप्रिलमध्ये आपल्या मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या. 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या, एक्स-मार्क प्रो नावाचा चाप असलेल्या. जोडणीच्या वेळी चिकटवायचा पदार्थ जास्त लागला होता आणि त्यानं विशिष्ट परिस्थितीत रायफल आपोआप उडू शकत होती. जावळीत जवसाचं तेल, तिकडे कारखान्यातला चिकटा.

एक सांगायचं राहिलं. डुकरं हाकलणं निराळं आणि मारणं निराळं. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी हातात हवी. राखणीचा शस्त्र परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

महाबळेश्वर तालुक्यातून: आजोबांची ठासणीची बंदूक आहे, परवाना आहे. घोडा अर्ध्यावर ठेवला तर कधी राहतो, कधी पडतो. घोडा केपवर टेकवून ठेवला तर चालेल का?

नाही, आणि हे आजपासूनच थांबवा. केप म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ बोंडीवर, निपलवर, बसवायची तांब्याची छोटी टोपी, ती ठोक्यानंच पेटते. घोडा तिच्यावर टेकलेला असताना बंदूक दगडावर पडली, घोड्याला दाराची चौकट लागली, तर तोच ठोका. अर्ध्याची खाच झिजली आहे, ती दुकानातच नीट होईल. तोवर चालताना केप बसवायचीच नाही, ती डबीत ठेवा. आणि कधी केप फुटली पण बार झाला नाही, तर नळी मोकळ्या रानाकडे धरून किमान एक मिनिट तशीच उभी राहू द्या. दारू सादळलेली असली तर आत धुमसून उशिरा पेटते. नळीत डोकावायला जाऊ नका.

सांगलीहून एक कॉलेजची मुलगी: स्वप्नील कुसाळेंना 2024 मध्ये पॅरिसला पदक मिळालं तेव्हापासून मी रायफल शूटिंग करते. आमचा चाप फार हलका असतो. काकांची शिकारीच्या बनावटीची रायफल खूप जड वाटते. तिचा चाप तेवढाच हलका करून घेतला तर नेम सुधारेल ना?

नेम सुधारेल बाळ, पण करू नको. तुझ्या रेंजवर रायफलीत काडतूस कधी घालायचं ते अधिकारी सांगतात, तू फायरिंग लाइनवर असतेस आणि नेमबाजी चालू नसेल तेव्हा नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग असतो. काकांची रायफल अंधारात, ढेकळांतून, चिखलाच्या हातांनी वापरली जाते. जुन्या लष्करी ली-एनफिल्डच्या चापाचा दुसरा दाब साधारण 5 ते 6 पौंड ठेवत, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. थंडीनं बधिर झालेलं बोटही चुकून तो दाबू नये, हा त्यामागचा विचार. काकांकडून एकच करून घे, तुझ्याकडचा एक जादा फ्लॅग त्यांच्या रायफलीत घाल. लांबूनच कळतं, आत काडतूस नाही.

वाईहून: निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत मिळाली, चाप जड झालाय. तेल सोडू का?

नको. आधी दुकानात उघडून धुऊन घ्या. आतल्या गंजावर वरून तेल सोडलं की त्याचा लगदा होतो.

चांदोलीच्या बाजूनं: रात्री माळ्यावर बसतो. भाऊ खालून दुनळी देतो, मी वरून नळीला धरून ओढून घेतो. सेफ्टी लावलेली असते. मग हरकत नाही ना?

आहे, मोठी हरकत आहे. बऱ्याचशा दुनळींत सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ती धरत नाही. दस्ता माळ्याच्या फळीवर आदळला तर धक्क्यानं सिअर सुटू शकतो, सेफ्टी लावलेली असतानाही. भारी साइडलॉक (आतली यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या) बंदुकांत घोड्याला वाटेत अडवणारा जादा सिअर असतो, तुमच्या साध्या दुनळीत तो बहुधा नसेल. आणि नळी तुमच्या छातीकडे असते. खाली दोन्ही काडतुसं काढा, बंदूक उघडी ठेवा, तुम्ही आधी चढा, मग दोरीनं दस्ता वर करून ओढून घ्या. काडतुसं खिशातून वर येतील. उतरताना हेच उलट्या क्रमानं.

शिराळ्याहून एक भगिनी: उसात बिबट्या फिरतो म्हणून हे दुनळी भरून खुंटीला टांगतात. मुलं सात आणि चार वर्षांची. सांगितलं तर म्हणतात, सेफ्टी लावलीय. मी काय करू?

ताई, सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वरचं चांदोलीचं उत्तर त्यांना वाचायला द्या. खुंटी निघाली आणि बंदूक फरशीवर पडली तर सेफ्टी आतल्या घोड्याला धरणार नाही. चार वर्षांच्या मुलाच्या बोटात चाप दाबायचा जोर नसतो, असं धरून चालू नका, आणि खुर्चीवर चढून दोन्ही हातांनी लोंबकळायला त्याला कोण अडवणार?

बिबट्या दाराशी आला तर आधी दिवा, डबा, आरडाओरडा आणि वनखात्याला फोन. भरलेली बंदूक त्यात लागत नाही. बंदूक मोडून ठेवायला सांगा. दुनळीचं पुढचं लाकूड काढलं की नळ्या वेगळ्या होतात. नळ्या एका पेटीत, दस्ता दुसऱ्या ठिकाणी, काडतुसं तिसऱ्या, प्रत्येकाला कुलूप.

आणि त्यांच्या समोर बसून एवढं शिकून घ्या. नळी मोकळ्या मातीकडे, बोट चापापासून लांब. वरची कळ अंगठ्यानं उजवीकडे सरकवा, नळ्या खाली वाकतील. काडतुसं असतील तर बाहेर काढा. मग मागच्या बाजूनं दोन्ही नळ्यांतून दाराकडे बघा. दोन गोल उजेड दिसले पाहिजेत. एकच दिसला तर अजून एक काडतूस आत आहे.